मुंबईला परतताना मूळ गावी थांबायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिना किंवा गणपतीची सुट्टी जवळ आली की माझ्याकडे एकाच तऱ्हेचे प्रश्न यायला लागतात. गोवा, तारकर्ली, कोल्हापूर करून गाडीने मुंबईला परतताना वाटेत आपलं मूळ गाव बघायचं असतं, पण सुरुवात कुठून करावी ते कळत नाही. विचारणारे बहुतेक अशा घरांतले, ज्यांचे आजोबा-पणजोबा गिरणीत, गोदीत नाहीतर रेल्वेत नोकरीला म्हणून मुंबईत आले आणि पुढच्या पिढ्या इथल्याच झाल्या. घराण्यांच्या वंशावळी जुळवायचं काम मी मनापासून करतो, म्हणून ही उत्तरं एकत्र लिहून ठेवली आहेत. कोकणातून मुंबई-गोवा महामार्गाने येणारे जास्त विचारतात, त्यामुळे उदाहरणंही तिकडची जास्त आहेत. घाटावरच्या मंडळींना कागदपत्रांचा भाग तसाच्या तसा उपयोगी पडेल.

१. गाव जातानाच करून घ्यावं की परतताना?

मुक्काम परतताना करा, पण जाताना पाच मिनिटं डोकावून निरोप ठेवा. जाताना पुढचं बुकिंग गाठायचं असतं, सगळ्यांचा जीव समुद्रात अडकलेला असतो. परतताना एक दिवस वाढला तर फक्त घरी पोचायला उशीर होतो. जाताना वाडीतल्या दुकानात किंवा देवळात एवढंच सांगायचं: "आम्ही अमक्यांचे नातू, चार दिवसांनी परत येतोय, कुणाला आमच्या घराची माहिती असेल तर भेटायचंय." या चार दिवसांत गावात बोलणं होतं, कुणाला तरी तुमच्या आजोबांचं घर आठवतं, देवळाची किल्ली कुणाकडे आहे ते कळतं, शेजारच्या वाडीतल्या म्हाताऱ्या आत्याला निरोप जातो. न सांगता जाऊन दोन तास फिरलात तर यातलं काहीच होत नाही.

२. गावाचं फक्त नाव माहीत आहे. नेमकं तेच गाव आहे हे कसं ठरवायचं?

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. एका नावाची अनेक गावं असतात. नांदगाव कणकवली तालुक्यात आहे, मुरूड तालुक्यात आहे आणि नाशिक जिल्ह्यात तर तालुक्याचंच गाव आहे. त्यामुळे गाव, वाडी, तालुका आणि कुलदैवत या चार गोष्टी जुळल्याशिवाय गाडी वळवू नका.

जुन्या कागदावरचा जिल्हा आजचा नसतो, हेही लक्षात ठेवा. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला रत्नागिरीतून वेगळा झाला, म्हणून आजोबांच्या दाखल्यावर 'मु. पो. अमुक, जि. रत्नागिरी' असेल तर ते गाव आज मालवण किंवा कुडाळ तालुक्यातही निघेल. 'जि. कुलाबा' म्हणजे आजचा रायगड. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून निघाला.

आडनावाचा 'कर' वाट दाखवतो, पण त्यावर सगळा भार टाकू नका. गावाच्या नावाचं आडनाव माणसाला बहुधा ते गाव सोडल्यावर चिकटतं; मूळ गावात त्याच घराला वेगळ्याच आडनावाने ओळखतात. शाळेत नाव घालताना आडनाव बदललं, असंही खूप घरांत झालंय. बाबासाहेब आंबेडकरांचं उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे: घराण्याचं आडनाव सकपाळ, गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, म्हणून शाळेत आंबडवेकर आणि पुढे आंबेडकर. तुमच्याही घरात दोन आडनावांचे कागद सापडले तर ते परक्याचे समजून बाजूला ठेवू नका.

शोधाची सुरुवात मुंबईतच करा. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, गिरणीचे किंवा गोदीचे कागद, जुन्या लग्नपत्रिका, गावाहून आलेली पत्रं आणि मनीऑर्डरच्या पावत्या काढून बघा. मनीऑर्डरच्या पावतीवर गावाचं टपाल कार्यालय आणि घेणाऱ्याचं नाव दोन्ही असतं. त्यानंतर त्या गावाचं मुंबईतलं ग्रामस्थ मंडळ गाठा. गिरणगावात कित्येक गावांच्या सामायिक खोल्या होत्या, जिथे गावाहून आलेला गडी आधी उतरायचा. त्यातल्या बऱ्याच मंडळांचं काम अजून चालू आहे, आणि वर्गणीच्या जुन्या वह्यांत नाव, वाडी आणि खोलीचा पत्ता सापडतो.

३. किती वेळ हाताशी ठेवावा?

एक रात्र आणि दुसऱ्या दिवशीची दुपार. त्याहून कमी असेल तर फक्त देऊळ आणि घराची जागा बघा, माणसं पुढच्या खेपेला ठेवा. म्हातारं माणूस पहिल्या भेटीत हालहवाल विचारतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खरं बोलतं. रात्रभरात त्यांना आठवत राहतं.

४. शनिवार-रविवार जोडून निघालो तर सरकारी कागद मिळतील का?

नाही. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा आहे, त्यामुळे शनिवारीही तहसील बंद असतं. कामाची वेळ सकाळी पावणेदहा ते संध्याकाळी सव्वासहा. कागद हवे असतील तर गावात गुरुवारी संध्याकाळी पोचा, शुक्रवार तालुक्याला द्या आणि शनिवार माणसांना. अर्ज दिला की नक्कल त्याच दिवशी हातात पडेल असं धरून चालू नका. अर्जाची पोच आणि शुल्काची पावती घ्या, आणि नक्कल आणून देईल असा गावातला एक माणूस आधीच बघून ठेवा.

५. गावात ओळखीचं कुणीच उरलेलं नाही. कुणाला भेटायचं?

आधी ग्रामदेवतेच्या देवळाचे गुरव. कुठल्या घराचा कोणता मान, पालखी कुणाच्या अंगणात थांबते, कोणतं घर बंद पडलं, हे त्यांना पाठ असतं. मग पोलीस पाटील, शाळेतले जुने गुरुजी आणि वाडीतली सगळ्यात वयस्कर बाई. तिला विसरू नका. पुरुष जमिनीच्या हद्दी सांगतात. कोण कुठून सून म्हणून आली, कुणाचं मूल गेलं, कोण कुणाशी का बोलत नव्हतं, हे आजी सांगते, आणि वंशावळीतली गळलेली नावं तिथेच सापडतात.

कोकणात पहिला प्रश्न येतो, "तुम्ही कुणाचे?" तुमचं स्वतःचं नाव, नोकरी, बिल्डिंग याने काही उलगडत नाही. आजोबांचं पूर्ण नाव, घरातलं हाकेचं नाव आणि वाडी सांगा: "मी खालच्या वाडीतल्या अमक्या तात्यांचा नातू, त्यांचे धाकटे भाऊ मुंबईला गिरणीत होते." हाकेचं नाव सांगितल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर ओळख पटते. म्हणून निघण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून अण्णा, बाबल्या, भाऊ, आबा अशी सगळी हाकेची नावं लिहून घ्या. कागदावर ती कधीच नसतात.

६. सातबारा काढला तर घराण्याच्या किती पिढ्या मागे जाता येतं?

नुसत्या आजच्या सातबाऱ्यावरून फार नाही, कारण तो चालू स्थिती दाखवतो. पिढ्या सापडतात त्या फेरफारात, म्हणजे जमिनीवरची नावं कधी आणि का बदलली त्याच्या नोंदवहीत (गाव नमुना ६). सातबाऱ्यावर प्रत्येक नावाजवळ फेरफाराचा क्रमांक असतो. तो क्रमांक घेऊन फेरफाराची नक्कल काढायची. त्यात अमुक खातेदार अमुक तारखेला मयत, वारस अमुक, असं लिहिलेलं असतं. त्या मयत खातेदाराचं नाव कोणत्या फेरफाराने लागलं ते बघायचं आणि आणखी मागे जायचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हक्कनोंदणी सुरू झाली, तिथपर्यंत ही साखळी नेता येते.

चालू सातबारा आणि आठ-अ (एका खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनींचा उतारा) महाभूलेखच्या संकेतस्थळावर दिसतात. काही जिल्ह्यांचे जुने फेरफार स्कॅन होऊन 'आपले अभिलेख' वर आलेले आहेत, ते घरबसल्या शुल्क भरून बघता येतात. बाकीच्यांसाठी तहसीलदार कार्यालयाची अभिलेख कोठडी. तिथे गाव नमुना १४ जरूर मागा. ही गावाची जुनी जन्म-मृत्यूची नोंदवही, लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. ज्या घराकडे जमीन नव्हती त्याचंही नाव इथे सापडतं, आणि मला स्वतःला हा कागद सातबाऱ्याहून मोलाचा वाटतो.

गावठाणातलं घर सातबाऱ्यावर नसतं. त्यासाठी ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरपट्टीचा असेसमेंट उतारा मागायचा.

७. आजोबांचं नाव सातबाऱ्यावर नाहीच. म्हणजे गाव चुकलं का?

तसं लगेच ठरवू नका. यामागे चार-पाच कारणं असतात.

एकत्र कुटुंबात थोरल्या भावाचंच नाव लागायचं. त्याच्या नावापुढे 'ए. कु. मॅ.' असं लिहिलेलं दिसतं, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. धाकटे भाऊ, विशेषतः मुंबईला गेलेले, कागदावर येतच नाहीत.

कोकणात दुसरं कारण खोती. जमीन खोताच्या, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराच्या नावावर आणि कसणारं घर कुळाचं. तुमचं घर कूळ असेल तर नाव 'इतर हक्क' या रकान्यात शोधा. १९४९ च्या कायद्याने खोती गेली, १९४८ च्या कूळ कायद्यानुसार १ एप्रिल १९५७ या कृषक दिनाला कसणारा जमिनीचा मालक मानला गेला. त्यामुळे १९५० ते १९६५ च्या आसपासचे फेरफार कोकणात भराभर बदलतात. ते वगळून पुढे जाऊ नका. पुष्कळ चाकरमान्यांची नावं याच वर्षांत सुटली, कारण जमीन प्रत्यक्ष कसत होता गावातला भाऊ किंवा शेजारी.

वतनाच्या, म्हणजे गावकीच्या कामाबद्दल दिलेल्या जमिनींचा हिशेब वेगळा, त्याबद्दल प्रश्न १३ पाहा. आणि घराला जमीनच नसेल तर नमुना १४, शाळेचं दप्तर आणि गुरव यांच्यावरच सगळं अवलंबून राहतं.

८. घरात मोडीतले कागद आहेत. ते बरोबर घेऊन जावेत का?

मूळ कागद मुंबईतच ठेवा, मोबाईलमध्ये सरळ वरून आणि दिवसाउजेडी काढलेले फोटो न्या. मोडीत आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली सलग लिहीत जातात, शब्द तोडत नाहीत. घडीवर कागद फाटलेला असेल तर दोन-चार अक्षरं गेली तरी नाव बदलू शकतं. लॅमिनेशन कधीही करू नका, चिकटपट्टी लावू नका.

वाचून घ्यायला मोडी जाणकार मिळतात. पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो. मुंबईत त्याचं दप्तर काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे, पुण्यात पेशवे दफ्तर. १९१० साली स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळही पुण्यातच. सहलीआधी वाचून घेतलं तर गावात नेमकं काय विचारायचं ते ठरतं.

९. कागदावर शके, फसली, 'सुहूर सन' लिहिलंय. इसवी सन कसा काढायचा?

शकात ७८ मिळवा (पौष-माघ-फाल्गुनातल्या तारखा जानेवारीनंतरच्या असल्या तर ७९). फसलीत ५९०, जानेवारी ते मेपर्यंत ५९१. सुहूर किंवा अरबी सनात ५९९, जानेवारी ते मेपर्यंत ६००. फसली आणि सुहूर ही दोन्ही वर्षं मृगाच्या सुमारास बदलतात, म्हणून हा एकाचा फरक पडतो. उदाहरणार्थ शके १८०० चा श्रावण म्हणजे इसवी सन १८७८.

१०. लिहिलेली वंशावळ कुठे मिळेल?

त्र्यंबकेश्वर, नाशिकची पंचवटी आणि पंढरपूर इथल्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या वह्या असतात. गाव आणि आडनाव सांगितलं की तुमच्या भागाचे उपाध्याय कोण ते कळतं. पूर्वी घरातलं जो कोणी यात्रेला किंवा श्राद्धाला आला त्याने स्वतःचं, वडिलांचं, आजोबांचं, भावांचं, मुलांचं नाव लिहवून घेतलेलं असतं, कधी कधी स्वतःच्या सहीने. निरक्षर पणजोबांचा अंगठाही सापडतो. पण ही वाट कोकणच्या रस्त्यावर नाही. त्यासाठी वेगळी फेरी करा.

कोल्हापूर-सांगलीकडून परतत असाल तर हेळवी मंडळींची चौकशी करा. पिढ्यानपिढ्या ठरलेल्या घरांना भेट देऊन वंशावळ वाचून दाखवणं आणि नवी नावं चढवणं हा त्यांचा परंपरेचा व्यवसाय आहे. ते कोणत्या महिन्यात कोणत्या गावी असतात हे गावातली जुनी घरं सांगू शकतात.

काही घराण्यांचे छापील कुलवृत्तांत आहेत. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात निघण्याआधी चौकशी करावी. मात्र छापलेलं आहे म्हणून शंभर टक्के खरं मानू नका. जुन्या कुलवृत्तांतांत मुली नाहीतच, आणि मूळ पुरुषाच्या आधीच्या पिढ्या बहुधा ऐकीव असतात.

११. आईच्या बाजूचं मूळ शोधायचंय. तिथे तर सगळं पुरुषांच्याच नावाने असतं.

कठीण आहे, पण वाट आहे. वारस नोंदीच्या फेरफारात लग्न झालेल्या मुलींची नावं सासरच्या आडनावासह येतात, बऱ्याचदा सासरच्या गावासह. हक्कसोडपत्रात तर बहिणींच्या सह्या किंवा अंगठे असतात. त्या कागदामागे काय झालं असेल याचा विचार मनात येतो, आणि यावा. आईचं आजोळ, म्हणजे आजीचं माहेर, शोधायचं तर तिच्या भावाच्या जमिनीचे फेरफार बघा. लग्नात नाव बदललं असेल तर दोन्ही नावं लिहून ठेवा. बाकी आधार तोंडी: मावश्या, माम्या, आणि प्रश्न ५ मधली आजी.

१२. "जमिनीचा हिस्सा मागायला आलेत" असं चुलत भाऊबंदांना वाटतं. काय करावं?

तुम्ही आणखी काही वाचलं नाहीत तरी हे वाचा. गावात राहिलेल्या माणसाने ते घर शाकारलं, देवाचा दिवा लावला, म्हाताऱ्यांचं केलं, कोर्टाच्या तारखा घातल्या. पन्नास वर्षांनी मुंबईची गाडी अंगणात उभी राहते आणि उतरल्या उतरल्या सातबाऱ्याची चौकशी होते, तेव्हा त्याचं घाबरणं रास्त आहे.

म्हणून क्रम पाळा. पहिल्या दिवशी कागदाचा विषय काढायचाच नाही. चहा घ्या, जेवायला बसवलं तर जेवा, घरातल्या वडीलधाऱ्यांच्या पाया पडा. जुने फोटो न्या आणि त्यांच्या प्रती त्यांना द्या. त्यांच्या घरातल्या माणसांचे फोटो मुंबईतच राहिलेले असतात. दुसऱ्या दिवशी स्पष्ट सांगा, की आम्हाला नावं आणि माणसं हवी आहेत. मग कागद काढायला त्यांनाच बरोबर घेऊन तालुक्याला जा, आणि जे मिळेल त्याची एक प्रत तिथल्या तिथे त्यांच्या हातात द्या.

तुम्हाला हिस्सा खरंच हवा असेल तर तेही सरळ सांगा आणि त्यासाठी वकिलाबरोबर वेगळे या. कायद्याने हक्क असेल. २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींचाही आहे. पण मूळ शोधायला आलो म्हणून ओसरीवर बसायचं आणि मोबाईलवर हद्दी मोजायच्या, हे करू नका. एका घराने असं केलं की पुढे दहा घरांना दारं बंद होतात.

१३. आम्ही हिंदू नाही, किंवा बौद्ध आहोत. हे सगळं आम्हाला कसं लागू?

जमीन आणि जन्म-मृत्यूची नोंद सगळ्यांना सारखीच आहे. बौद्ध घरांनी लक्षात ठेवायचं ते हे: १९५६ च्या आधीचे आणि नंतरचे कागद जातीच्या रकान्यात वेगळे दिसतात, पण घर तेच. महार वतनाच्या जमिनींचे कागद वतनाच्या नावाने शोधावे लागतात; कनिष्ठ गावकी वतनं १९५८ च्या कायद्याने रद्द झाली, त्या काळचे फेरफार बघा. वाटेत महाडला चवदार तळ्यापाशी थांबणार असाल तर २० मार्च १९२७ च्या सत्याग्रहाला आपल्या वाडीतलं कुणी गेलं होतं का, हे गावातल्या थोरांना आधी विचारून घ्या. अशी आठवण कागदावर सापडत नाही.

ख्रिस्ती घरांसाठी, वसईपासून सावंतवाडीपर्यंत, चर्चच्या बाप्तिस्मा आणि लग्नाच्या वह्या. कोकणी मुसलमान घरांत 'कर' आडनावं भरपूर आहेत, तिथे जमातीचे थोर आणि कबरस्तानची नोंद. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू घरांची रोहेकर, पेणकर, किहीमकर ही आडनावं थेट रायगडातल्या गावांकडे नेतात, आणि अलिबागजवळचं नवगाव ते आपल्या पूर्वजांचं पहिलं ठिकाण मानतात.

१४. देवळात काय न्यावं, काय करावं?

नारळ, अगरबत्ती, देवी असेल तर ओटी. बाकी गुरवांना विचारून. सिंधुदुर्गात गुरव किंवा मानकरी तुमच्यासाठी गाऱ्हाणं घालतात: "बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरा मुंबयसून तुझ्या पायाकडे इली हत..." आणि प्रत्येक वाक्याला जमलेले म्हणतात, "व्हय म्हाराजा!" तुम्हीही म्हणा. त्या गाऱ्हाण्यात तुमच्या घराचं नाव ज्या जागी येतं, ते नीट ऐका. तुमच्या घराचा गावात काय मान होता ते त्यातून कळतं. व्हिडिओ काढण्याआधी परवानगी घ्या.

१५. परतीचा रस्ता कसा आखावा?

घाट उजेडात उतरा. कोल्हापूरहून कोकणात यायला आंबा, गगनबावडा आणि फोंडा हे घाट, कऱ्हाडहून चिपळूणला कुंभार्ली. पावसाळ्यात दरडींमुळे घाट बंद होतात, महाडचा वरंधा तर हमखास, त्यामुळे निघायच्या दिवशी सकाळी चौकशी करा. गाव किनाऱ्याकडचं असेल तर धोपावे-दाभोळ, बागमांडला-वेश्वी या जेट्ट्यांवरून गाडीसकट खाडी ओलांडता येते.

बरोबर वयस्कर आई-वडील असतील तर शेवटचा टप्पा मांडव्याहून भाऊच्या धक्क्याला येणाऱ्या रो-रो बोटीने करा. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण होईपर्यंत एसटी, आणि त्याआधी बोट, हाच कोकणचा रस्ता होता. याच धक्क्यावर कित्येकांचे आजोबा वळकटी घेऊन उतरले. वडिलांना धक्क्यावर उभं करून विचारा, त्यांना गावातही न आठवलेलं इथे आठवतं.

१६. आमचं गाव धरणाखाली गेलंय. मग थांबायचं कुठे?

जिथे गाव पुन्हा वसवलं तिथे. कोयनेच्या जलाशयातली गावं रायगड-ठाण्यापर्यंत विखुरली. त्यांनी देव बरोबर नेले, त्यामुळे कुलदैवताच्या नावावरून नवी वस्ती शोधता येते. पुनर्वसनाच्या याद्या जिल्हाधिकारी कार्यालयात मागा. उजनीच्या पाण्यातलं पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ पाणी उतरल्यावर दिसतं. तिकडची घरं असाल तर उन्हाळ्यात या.

१७. शोधात घरच्यांनी लपवलेली गोष्ट निघाली तर?

निघतेच. दत्तक, दुसरं लग्न, घर सोडून गेलेली बाई, बदललेलं आडनाव किंवा जात. जी माणसं हयात आहेत त्यांच्याबद्दलचं त्यांना न विचारता घरच्या ग्रुपवर टाकू नका. गेलेल्यांचं मात्र वंशावळीत खरं लिहा. दत्तक गेलेल्याचं नाव दोन्ही घरांत लिहा, दुसऱ्या बायकोचं आणि तिच्या मुलांचं नाव पहिलीइतक्याच ठळक अक्षरात लिहा.

१८. हेच कागद मुलांच्या जात पडताळणीसाठी चालतील का?

चालतील, पण मोबाईलवरचा फोटो चालत नाही. प्रमाणित नक्कलच लागते. पुरावा कोणत्या तारखेआधीचा असावा हे प्रवर्गावर ठरतं: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्या तारखेला कुटुंब राज्यात कुठे राहत होतं तेही बघतात. म्हणून प्रश्न ६ मधला नमुना १४ काढतानाच प्रमाणित प्रत मागा आणि वंशावळीत त्या माणसापासून मुलांपर्यंत एकही नाव मधे सुटू देऊ नका. नावाच्या स्पेलिंगमध्ये किंवा आडनावात फरक असेल तर प्रतिज्ञापत्रात दोन्ही रूपं लिहा.